गोमुखीतला हात आणि रिजवरची पावलं

"आई, खोटं बोलू नकोस," असं मी चिडून म्हणाले आणि आमची दिल्लीच्या रिजची, म्हणजे तिथल्या झाडीच्या टेकडीची, सहल ठरली.

हृदयाच्या ऑपरेशननंतर आई पुण्याहून माझ्याकडे गुडगावला आलीय. तिला पानिपत बघायचंय. पुण्यात बसून दादाने अट घातली: रोज तीन हजार पावलं झाली तरच. पावलं मोजणारा पट्टाही ती पुण्याहून निघताना त्यानेच बांधला. डाव्या हातात तिचं जुनं घड्याळ, म्हणून उजव्या. आई सोसायटीत तासभर चालून यायची आणि दादाच्या फोनवर दिसायची चारशे पावलं.

"तू स्वतः चल माझ्याबरोबर," आई म्हणाली.

गुडगावहून मेट्रोची येलो लाइन थेट विश्वविद्यालय स्टेशनला जाते. रविवारी गाड्या उशिरा सुरू होतात, वेळ बघून निघा. पुढे ई-रिक्षाने रिजवरचा फ्लॅगस्टाफ टॉवर. केळी नेऊ नका, माकडं हातातून पळवतात.

आई चालताना जप करते. डावं पाऊल पडलं की एक मणी. उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, छातीशी धरलेला. टॉवरपासून चालत हिंदूराव हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचलो तेव्हा दहा माळा झाल्या होत्या. दोन्ही पायांची मिळून दोन हजार एकशे साठ पावलं. पट्ट्यावर तीनशेसुद्धा नव्हती!

बाकावरचे एक काका हसले. "माताजी, हाथ हिलेगा तभी गिनेगी. मैं पोते की गाडी धकेलता हूँ, मेरी भी नहीं गिनती."

टपरीवर चहा आणि ब्रेड पकोडा घेतला. आईने बसल्या बसल्या हात हलवला, तर पट्ट्याने फुकटात वीस पावलं दिली. परतताना तिने गोमुखी माझ्याकडे दिली. रस्ता तोच, पावलं दोन हजारांच्या वर.

घरी येऊन आईने पट्टा काढला आणि दादाला फोन लावला. "पुढच्या रविवारी आम्ही पानिपतला चाललोय."

"अगं, पण आकडे..."

"विचारत नाहीये रे, सांगतेय."

पट्टा चुकला, त्याला काय बोलणार? तो यंत्र आहे. पण तीन आठवडे आई घामाघूम होऊन दारात उभी राहायची आणि मी तिच्या तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघायचे, याची मला फार लाज वाटते.