तीस युनिटांची गाडी आणि नेसरीची वाट

पुण्याहून सकाळी सहाला निघालो तेव्हा सुमनआत्या माझ्या शेजारी पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. नेसरीच्या शाळेत तिने बावीस वर्षं शिकवलं. तिच्याबरोबर शिकवणाऱ्या, तेव्हा तिच्याच शेजारच्या खोलीत राहणाऱ्या अक्काताई त्याच दिवशी कायमच्या बेंगळुरूला मुलाकडे जाणार होत्या. चार वाजता नेसरी सोडून बेळगावला रेल्वे गाठायची, असं ठरलं होतं. दोघींची नऊ वर्षांत भेट नव्हती. आत्या एसटीने जाणार होती. मीच हट्ट केला, "नवी गाडी आहे, दोनपर्यंत पोचवतो."

गाडी विजेवरची. तिच्यात बॅटरीचे दोन प्रकार मिळतात, तीस युनिटांचा आणि पंचेचाळीसचा. घरच्या मीटरवर मोजतात तीच ही युनिटं. मी तीसची घेतली आणि सोसायटीत सगळ्यांना, आत्यालाही, पंचेचाळीसची सांगितली. एकदा सांगून गेलो आणि मग ते तसंच चालू राहिलं. कंपनीच्या कागदावर लिहिलेलं अंतर महामार्गावर मिळत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. वेग ऐंशीच्या वर गेला, एसी लावला, चढ आला, की आकडा डोळ्यांदेखत उतरतो. पूर्ण भरलेली माझी गाडी फार तर एकशे नव्वद किलोमीटर जाते.

कराडला थांबून बॅटरी पूर्ण भरली. आत्याने तेवढ्या वेळात दोन कप चहा घेतला आणि अक्काताईंना फोन करून "येतोय गं" म्हणून कळवलं. कोल्हापूरला पोचलो तेव्हा सत्तावन्न टक्के उरले होते. एप्रिलचं ऊन, रस्त्याकडेला उसाच्या रसाची गुऱ्हाळं, आणि चार्जिंगच्या जागी दोन गाड्या आमच्या पुढे. तिथे विजेवरची टॅक्सी चालवणारा एक माणूस सावलीत बसला होता.

"कुठं निघालाय पावणं?" (अनोळखी माणसाला इथे पाहुणाच म्हणतात.)

"नेसरीला."

"शंभर किलोमीटर हाय की. मधी तवंदीचा घाट. बॅटरी कितीची?"

आत्या शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "पंचेचाळीस."

"मग जावा बिनघोर. तीसची असती तर म्हटलं असतं, तासभर थांबा, भरून घ्या."

त्याने मला अगदी नेमका सल्ला दिला होता. खरं सांगितलं असतं तर तास गेला असता आणि काम झालं असतं. पण आत्याच्या देखत पंचेचाळीसचे तीस कसे करायचे? आम्ही जवळच जेवलो. आत्याने पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला, पुण्यात असा मिळत नाही म्हणाली. साडेबाराला निघालो.

कागलची एमआयडीसी मागे पडली, निपाणी गेली आणि तवंदीचा चढ लागला. टक्के पायऱ्या उतरावेत तसे उतरू लागले. मी एसी बंद केला.

"का रे?" आत्याने विचारलं.

"बिघडलाय बहुतेक."

तिने काच खाली केली, पदराने वारा घेत राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. मी समोर बघून गाडी चालवत होतो.

संकेश्वर ओलांडून गडहिंग्लजच्या अलीकडे पोचलो आणि गाडीने वेग धरायचंच सोडलं. चार टक्के. रस्त्यालगत एक पिठाची गिरणी दिसली, तिथे वळवली. गिरणी शोभा कांबळे नावाच्या चाळिशीच्या बाई चालवत होत्या. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली दळपाचे डबे. काय झालं ते मी सांगायच्या आत त्यांनी आत्याकडे पाहिलं. तिला हाताला धरून आतल्या बाजेवर निजवलं, आणि आंबील (नाचणीचं ताकातलं पातळ पेय) आणून दिली. मग गिरणीचा जाड प्लग काढून माझा लावायला दिला. आत्या पाच मिनिटांत झोपली.

"किती वेळ लागंल?" शोभाताईंनी विचारलं.

असल्या प्लगवर तासाला तीन युनिटं भरतात. नेसरीपर्यंत पाच तरी हवी होती. म्हणजे पावणेदोन तास. घड्याळात दोन वाजले होते.

"घाई असली तर माझ्या दिराचं वडाप हाय," त्या म्हणाल्या. वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. "अजून घरीच हाय त्यो. म्हातारीला तीनच्या आत पोचवील. बोलावू का?"

आत्याला जीपमध्ये बसवायचं म्हणजे गाडी हरली हे कबूल करायचं. मी म्हणालो, "नको, अर्ध्या तासात निघू."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमची मर्जी," म्हणाल्या, आणि हातानं डबे लावू लागल्या. प्लग माझ्याकडे असल्याने गिरणी बंदच होती.

तीनला आत्या उठली. अजून प्लग लावलेलाच पाहून पर्स घेऊन दारात आली. मी धावत जाऊन जीपचं विचारलं. "ती गेली की मघाच चंदगडला," शोभाताई म्हणाल्या. आत्याने अक्काताईंना फोन लावला. त्या सव्वाचारपर्यंत थांबल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. दाराला कुलूप. अंगणात धुतलेली घागर पालथी घातलेली. शेजारीण म्हणाली, "लई वाट बघितली तुमची. गाडीत बसताना बी रस्त्याकडंच बघत होत्या."

आत्या पायरीवर बसली आणि अक्काताईंना फोन लावला. "गाडी बंद पडली गं. त्याचा काय दोष."

तिने फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. बॅटरी तीसची आहे, कोल्हापुरात खोटं बोललो, एसी बिघडला नव्हता, जीप मिळत होती, सगळं सांगितलं. ऐकताना ती पायरीवरची धूळ पदराने पुसत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "मी तरी तुझ्याबरोबर होते. अक्काला सांग." आणि नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

अक्काताईंची गाडी कुठल्या तरी वळणावर होती. "काय? ऐकू येईना बाळ. मोठ्यानं बोल."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, त्या गल्लीत उभा राहून, ओरडून, की जीप मिळत होती आणि मीच नको म्हणालो. समोरच्या घरातली माणसं दारात आली. मग अक्काताई म्हणाल्या, "सुमनला दे."

दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. लांब जाऊन उभा राहिलो.

रात्री शेजारणीकडे मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी सावकाश, जागोजागी भरत, पुण्याला परतलो. सोसायटीत मी आता खरा आकडा सांगतो. कुणाला त्यात काही वाटत नाही. तीस असो की पंचेचाळीस, कुणी लक्षातही ठेवलेलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागतं.

आत्याने बेंगळुरूचं रेल्वेचं तिकीट काढलं आहे. "स्टेशनवर सोडायला येऊ का?" मी विचारलं.

"ये की," ती म्हणाली. "रिक्षाने जाऊ."