पाणी बघणाऱ्या काकी

काकी गढूळ पाण्यात दोन बोटं बुडवायच्या, अंगठ्यावर घासायच्या आणि ते पाणी आमच्या साइटच्या कोणत्या कोपऱ्यातून आलं ते सांगायच्या. "ह्या मागच्या खड्ड्याचा नाय. गेटापासच्या ढिगाचा पानी हाय." जाऊन पाहावं, तर ढिगावरची ताडपत्री वाऱ्यानं उडालेली असायची. त्या कधीच चुकल्या नाहीत. आधी आम्हाला याचं कौतुक वाटायचं. नंतर त्यांनी बोटं बुडवली की आम्ही दोन पावलं मागे सरकू लागलो.

गोखिवऱ्याच्या पुढे तीन इमारतींचं काम चाललं होतं आणि मी तिथे नवा साइट इंजिनिअर होतो. प्लॉटच्या मागून एक नाला जायचा तो थेट खाडीला. आमची माती पावसात वाहून नाल्यात येते अशी खाडीकाठच्या गावानं तक्रार केली, तेव्हा बिल्डरनं गावातलंच एक माणूस कामावर ठेवायचं कबूल केलं. गावानं काकींना पाठवलं. साठीच्या, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. नाल्याच्या तोंडाशी वाळूच्या गोणी रचायच्या, गाळ बसण्यासाठी खणलेला खड्डा साफ ठेवायचा, मातीचे ढीग झाकायचे, अशी त्यांची कामं. कोणी विचारलं तर मात्र एवढंच सांगायच्या, "मी पानी बघते."

संध्याकाळी घरी निघण्याआधी त्या नाल्याकाठी उभ्या राहून खाडीच्या दिशेनं हळू आवाजात बोलायच्या. परगावचे मजूर त्या वेळी तिकडे फिरकत नसत. एकदा मी हजेरीची वही घेऊन मागून गेलो आणि ऐकलं. "आज थोडीच माती गेली. उद्या तीपन जाऊ देनार नाय." मग त्या थांबल्या. उत्तर ऐकताना माणूस थांबतो तशा. मान हलवून "बरा" म्हणाल्या आणि वळल्या. समोर नाला आणि तिवरांची झाडं, बाकी कोणी नव्हतं. मी वही न देताच परत फिरलो.

एका दुपारी त्या शेडखाली आमच्यासोबत जेवत होत्या. घास हातात तसाच राहिला. म्हणाल्या, "खाली गप झाला." आम्हाला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. त्या उठून चालू लागल्या, मी मागोमाग गेलो. काँक्रीटच्या गाडीच्या ड्रायव्हरनं ड्रम धुऊन ते पाणी सरळ नाल्यात सोडलं होतं. धुण्यासाठी वेगळा खड्डा होता, पण तो त्याला लांब पडला. नाला दुधासारखा पांढरा झाला होता. चिखलावर उड्या मारत फिरणाऱ्या निवट्या, खाडीतले छोटे मासे, काठाला मरून पडल्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं साइटकडे होती. काकींनी एक निवटी उचलून ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटली. "धर जरा," एवढंच म्हणाल्या. तो कितीतरी वेळ मूठ मिटून उभा होता. त्यानंतर तो आमच्या साइटवर आला नाही. दुसरे ड्रायव्हर न सांगता खड्ड्याकडे गाडी नेऊ लागले.

त्यांच्याविषयी मला खरं कळलं ते दुसऱ्या पावसाळ्यात. सलग दोन दिवस पाऊस लागला आणि तळघराचा खड्डा चिखलाच्या पाण्यानं भरला. गाळाच्या खड्ड्यातून निवळून सोडायचं तर तीन दिवस लागले असते. मॅनेजरांचा फोन आला, "पंप लाव आणि डायरेक्ट नाल्यात मार. उद्या मला काँक्रीट पाहिजे." मी पंप लावला. पाइपातून तांबडं पाणी उसळलं, तशा काकी नाल्यात उतरल्या आणि पाइपासमोर उभ्या राहिल्या. धार त्यांच्या छातीवर आदळत होती.

"काकी, बाजूला व्हा. वरून सांगितलंय."

"माझा मानूस खाली हाय, सायेब."

मला वाटलं, कोणीतरी नाल्यात पडलं. मी धावलो. त्यांनी मान हलवली आणि त्याच संथ आवाजात सांगितलं. त्यांचे यजमान जन्मभर एकाच वाटेनं खाडीत उतरून निवट्या धरायचे. एका वर्षी वरच्या अंगाला भरावाचं काम निघालं होतं. तिथली माती वाहून आली आणि त्यांच्या वाटेवर साचली. पायाखालचा कठीण तळ त्यांना सापडलाच नाही. कमरेपर्यंत रुतले, हाका मारत राहिले, मग भरती आली. गावानं आठ दिवस शोधलं, पण सापडले नाहीत.

"तेंच्या अंगावर आधीच लय माती हाय," काकी म्हणाल्या. "आनखी नको घालूस."

मी पंप बंद केला. मॅनेजरांना कळवलं की पाणी निवळूनच सोडणार. ते जे बोलले ते मी ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी काकींना एकटं सोडवेना, म्हणून त्यांच्याबरोबर खाडीपर्यंत गेलो. ओहोटी लागली होती. काकी काठाशी वाकून म्हणाल्या, "आज जरापन नाय गेली." समोर दहा-बारा हातांवर चिखलातून बुडबुडे आले, एकाच जागी, बराच वेळ. ओहोटीला चिखलातून हवा सुटते हे मला ठाऊक आहे. आजूबाजूचा सगळा चिखल शांत होता, हेही मी पाहिलं. काकींनी पदर सारखा केला आणि आम्ही परतलो.

महिनाअखेर माझी विरारच्या साइटवर बदली झाली. निघताना काकींनी केळीच्या पानात बांधून भाकरी आणि सुकट दिली. "तिथला पानी कंच्या खाडीला जाते, ते आधी बघून घे," म्हणाल्या. अजूनही नव्या साइटवर मी नकाशा उघडायच्या आधी ते बघून येतो.

गेल्या वर्षी त्या वारल्याचं उशिरा कळलं. त्यांच्या घरी गेलो. सुनेनं चहा दिला. अस्थी खाडीत सोडल्या का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाय. चांदीपला, त्यांच्या माहेरच्या शेताच्या बांधावर. खाडीत कायपन टाकायचं नाय, असं बोलून गेल्या."

परतताना नाल्याजवळून आलो. आमच्या इमारतींत लोक राहायला आले होते, बाल्कन्यांत कपडे वाळत होते. पलीकडे नवं काम निघालं होतं आणि तिथून तांबडं पाणी नाल्यात उतरत होतं. मी गेटपाशी जाऊन वॉचमनला विचारलं, "इथलं पाणी कोण बघतं?"

"पाणी?" तो म्हणाला. "पाण्याला काय बघायचंय?"

मी त्याला इंजिनिअरला बोलवायला सांगितलं आणि गेटपाशीच उभा राहिलो.