मिळवलेला एक

लॉगसर मूळचे शुद्ध गणिताचे. जीवशास्त्र विभागात ते एका सत्रापुरते आले होते, त्याला एकोणीस वर्षं झाली. तळघरात, फॉर्मालिनच्या बरण्यांशेजारी त्यांची खोली. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. बेडूक कापताना हात न थरथरणारी मुलं लॉगरिदम म्हटलं की गारठायची, त्यांना दरवर्षी पहिल्या पायरीपासून शिकवायचं, त्यावरूनच हे नाव पडलेलं. प्राध्यापक मंडळी आकड्यांची बाडं टेबलावर टाकून जायची, "जरा बघा हो!" प्रबंधात आभार छापून यायचे, लेखक म्हणून नाव कधीच नाही. सर म्हणजे गोगलगाय, आणि पोटात पायसुद्धा नाहीत.

यंदा वरच्या मजल्यावर, गणित विभागात, एक जागा निघाली. पुढच्या वर्षी सर वयात बसणार नव्हते.

"अहो, या वेळी अर्ज केला नाहीत तर जन्मभर त्या बरण्यांशेजारीच बसाल," बायको म्हणाली.

अर्ज त्यांनी दोन तासांच्या मधल्या वेळात भरला. शेजारी किड्यांच्या मोजणीचा तक्ता अर्धवट पडला होता. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून अशा तक्त्यात प्रत्येक आकड्यात एक मिळवायची रीत: चाराचे पाच, शून्याचा एक. हिशेब उरकला की तो एक वजा करायचा. अर्जात रकाना आला, गणितातले स्वतःचे शोधनिबंध किती? सरांचा हात चालूच होता. त्यांनी लिहिलं, एक.

मुलाखतीत अध्यक्षबाईंनी विचारलं, "हा निबंध कोणता?"

सरांनी कागद जवळ ओढून पाहिला. "तिथे शून्य हवं होतं. सवयीनं एक मिळवला गेला."

मग त्यांनी किडे, तक्ता, लॉग, सगळं समजावलं. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. कुणी हसलं असतं तरी बरं झालं असतं. खोटी माहिती दिली म्हणून अर्ज बाद झाला.

जीवशास्त्राच्या प्रमुखांनी पाठीवर थाप मारली. "सुटलो बुवा! तुम्ही गेला असतात तर आमचं कसं झालं असतं?"

सरांना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ते म्हणाले, "हो ना."

दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तक्त्यात शून्य असेल तर प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा ना?"

"मिळव." सर फळ्याकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "पण शेवटी वजा करायला विसरू नकोस. नंतर कुणी ऐकून घेत नाही."