वरून न दिसणारं वावर

फुलसावंगीजवळच्या तांड्यातली धनीबाई भांडकुदळ नव्हती. ती भांडतच नसे. ती लक्षात ठेवत असे. तिचा नवरा रामलाल म्हणायचा, "हिच्याशी भांडून घ्यावं बाप्पा, तेच परवडते."

१९६४च्या पावसाळ्यात कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध फवारायला पहिल्यांदाच विमान आलं. लहानसं, पण आवाज असा की गोठ्यातली जनावरं दावी तोडायला लागली. वैमानिकाला हद्द कळावी म्हणून बांधाबांधावर पांढरं निशाण धरून माणूस उभा राहायचा. निशाणं वाटायचं काम सदाशिवराव पाटलांकडे होतं. शेवटचं निशाण त्यांनी स्वतःच्याच बांधावर उभं केलं. विमान तिथवर आलं आणि वळलं. पलीकडचं धनीबाईचं पाच एकर कोरडंच राहिलं.

ती पाटलांच्या ओसरीपुढे जाऊन उभी राहिली. वर दहा-बारा माणसं चहा पीत होती.

"पाटील, एक निशाण आमच्या बांधावर लावा ना."

"कायले? वरून तुमचं वावर दिसतच नाही, धनी. अन् विमान काय तांड्याचा बैल हाये, शीळ घातली का वळलं?"

ओसरी खदखदून हसली. धनीबाईनं एकेक तोंड नीट पाहून घेतलं आणि ती घरी आली. त्या साली बोंडअळीनं तिची पऱ्हाटी पोखरली आणि मग बांध ओलांडून पाटलांचीही थोडी खाल्ली. रामलाल म्हणाला, "घे, झाला हिशेब." ती म्हणाली, "अळीनं केला तो. माहा राह्यला."

पुढच्या पावसाळ्यात शेतकी खात्याचा माणूस चावडीवर सांगून गेला, की विमान पाहायला सारा गाव लोटतो आणि वरून धोतर कोणतं, निशाण कोणतं, कळत नाही. यंदा ज्याने त्याने आपली खूण करावी. जी ठळक दिसेल, तिकडे विमान आधी जाईल. पाटलांनी मांजरपाटाचं अख्खं ठाण आणून चार धोतरांएवढं निशाण शिवून घेतलं.

धनीबाईकडे ठाण कुठलं? वरून काय दिसतं ते पाहायला तिनं रामलालला टेकडीवर चढवलं आणि स्वतः वावरात उभी राहिली. आधी बांधावर चुना टाकला, तो पावसाच्या सरीनं धुऊन नेला. ओल्या काटक्यांचा धूर केला, तर तो सरळ पाटलांच्या वावरात जाऊन बसला. घासलेटचा डबा कापून पत्रा धरला. तो चमकला, पण वाऱ्यानं हिसकला आणि तिचं बोट कापलं. बोट तोंडात धरून ती खाली वाकली, तशी टेकडीवरून हाक आली.

"आता काय धरलं वं? डोळे दिपून राह्यले."

"काहीच नाही," ती ओरडली. आणि मग तिचा हात डोक्यावर गेला. आईनं तीन पावसाळे बसून भरलेली लग्नातली ओढणी, काठापासून काठापर्यंत आरसेच आरसे.

ठरल्या दिवशी सूर्य कासराभर वर आला आणि घरघर ऐकू आली. पाटलांच्या वावरात ही गर्दी. त्या धोतरांत चार धोतरांचं निशाण बुडून गेलं. विमान दोनदा पाटलांच्या डोक्यावरून गेलं. पलीकडे धनीबाई पदरानं नाक दाबून कमरेत वाकली. पाठीवर शंभर सूर्य पेटले. विमान वळलं, झाडाएवढं खाली आलं आणि तिचं पाच एकर भिजवून गेलं.

शेतकी खात्याचा माणूस म्हणाला, "आणखी एकच खेप, तीन फेऱ्यांची. मग विमान वणीकडे जाईल."

पाटील बांधापाशी आले. "धनी, जरा ती ओढणी दे."

नाही म्हणणं सोपं होतं. पण पाटलांची अळी उद्या बांध ओलांडून आली असती, हे ती जाणून होती. शिवाय नाही म्हटल्यानं तिचं पोट भरलं नसतं.

"घ्या ना, पाटील."

पाटलांनी ती गड्याकडे दिली. "बांध रे काठीले."

"काठीले बांधली त आरसे झाकते," धनीबाई शांतपणे म्हणाली. हे निम्मं खोटं होतं. "डोक्यावर घ्यावी लागते. अन् गड्यानं नाही. वावर ज्याचं, त्यानं." हे सगळंच खोटं होतं.

लांबून घरघर यायला लागली होती. पाटलांनी फेटा उतरवून गड्याच्या हातात दिला आणि ओढणी डोक्यावर घेतली. गर्दी टाचा उंचावून पाहू लागली.

"वाका, पाटील."

ते वाकले.

"असं नाही. अजून."

ओसरीवरची सगळी तोंडं तिथं हजर होती. धनीबाईनं ती पुन्हा एकेक करून पाहिली. पाटलांचं कपाळ गुडघ्यांना टेकलं, तेव्हा विमान वळलं. औषधाचा फवारा त्यांच्या पाठीवरून सरकत गेला.

"आता दिसले, पाटील," ती म्हणाली. ते उठू लागले, तशी पुढे म्हणाली, "थांबा. अजून दोन फेऱ्या बाकी हायेत."

संध्याकाळी तिनं नाल्यावर ओढणी तीनदा धुतली. रामलाल काठावर बिडी ओढत बसला होता.

"गेला का वास?"

तिनं ओढणी नाकाशी धरली. "औषधाचा गेला," ती म्हणाली आणि चौथ्यांदा पाण्यात बुडवली.