गाझाला जायचं कार्ड

आबिड्सच्या टपालकचेरीबाहेर लोकांची पत्रं लिहायला बसणारा मुन्शी बोलायचा दखनी, लिहायचा मराठी. न मागता सल्ला द्यायची त्याला खोड. आमची ही गेल्याचं कार्ड त्यानंच लिहिलं. अशुभाचं कार्ड म्हणून त्याचा कोपरा फाडला, तेव्हा तेवढा सल्ला दिला नाही.

हैदराबाद राज्याचे तुकडे झाले त्याच हिवाळ्यात फौजेतल्या माझ्या एकुलत्या एका पोराचं पत्र आलं. मुन्शीनं वाचलं, "आबा, आपली एक पलटण शांतता राखायला गाझाला चाललीय. इस्रायलनं घेतलेल्या मुलखात दोन्ही फौजांच्या मधे उभं राहायचंय. जायला नाव देऊ का?"

वाचता वाचताच तो भडकला. "नक्को जा बोलके लिखाओ, चाचा! दूसरों की दबाई जमीन पे पहारा दिये तो दबानेवालेकीच रखवाली हुई ना!"

"आणि मधे कोणीच नसलं तर लोक मरतील, त्याचं काय? तुझा पोरगा असता तर काय लिहिलं असतंस?"

मुन्शीच्या टाकाची शाई कार्डावर टपकली, तेव्हा त्यानं नवं कार्ड घेतलं.

"लिही," मी म्हणालो. "जा म्हणावं."

एरवी सगळ्यांची कार्डं तोच पेटीत टाकायचा. हे त्यानं माझ्या हातात दिलं. "तुमीच डालो चाचा. मेरे से नै होता."

मी टाकलं. मग फटीत बोटं घालून बघितलं, परत निघतंय का.