केदारखेड्याची वाघतोंडी बंदूक

भूतबाधा, करणी, दृष्ट... असल्या गोष्टींना मी आजवर फक्त हसत आले. जालन्याला शाळेत विज्ञान शिकवते. तरी हे लिहितेय, कारण घरात सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

माझं सासर केदारखेडा, तालुका भोकरदन. मागच्या वर्षीची खंडेनवमी, सकाळचे दहा. सासऱ्यांनी — आम्ही त्यांना दादा म्हणतो — पुढच्या खोलीत पाटांवर दोन तलवारी, एक कट्यार आणि पिढीजात बंदूक पूजेला मांडली होती. बत्ती लावून उडवायची ती जुनी ठासणीची बंदूक, पण काय देखणी! नळीवर सोन्याच्या तारेची वेलबुट्टी आणि नळीचं तोंड म्हणजे जबडा उघडलेला वाघ. पूजेत ते तोंड भिंतीकडं ठेवायची घरची रीत.

"रिकामी आहे ना, दादा?"

दादांनी लोखंडी गज नळीत सोडला. आत ठक्क वाजलं. "बिलकुल रिकामी! दरसाली बघून राह्यलो मी."

गज किती आत गेला ते बाहेरून नळीला लावून मोजायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि म्हणे विज्ञानाची बाई! गज दरवर्षी तळाला नाही, आत ठासून राहिलेल्या जुन्या गोळीला टेकत होता.

दादा गोठ्याकडं गेले. फोटोत वाघ दिसावा म्हणून मी ती जड बंदूक दोन्ही हातांनी उचलून उलटी फिरवली आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, सईला, बरोबर वाघासमोर बसवलं. फोटो काढला. "इथंच बस हं, आजोबांना आरतीला बोलावते," म्हणून अंगणात आले.

दादांना हाक मारतेय तोच आत धाडकन बार झाला.

मी आत धावले. पळताना डोक्यात एकच — तिला तिथं मीच बसवलंय... मीच! खोलीत धूरच धूर. मी बाहेर गेल्यावर सासूबाई धूप घेऊन आल्या होत्या, ओवाळताना निखारा बत्तीच्या भोकावर पडला होता. सई जागच्या जागी, कानांवर हात ठेवून रडत होती. अंगावर साधा ओरखडा नाही. भोक पडलं होतं भिंतीला. वाघाचं तोंड भिंतीकडं होतं.

सासूबाईंनी मला कवटाळलं. "वंदना, तू त्येचं तोंड भिंतीकडं करून गेल्तीस म्हून लेकरू वाचलं गं माय!"

बार कसा उडाला ते मी सांगू शकते. पण धक्क्यानं बंदूक फिरली म्हणावं, तर गोळी भिंतीत घुसलेली. सईला ती हलतसुद्धा नाही. सासूबाई आल्या तेव्हा बंदुकीचं तोंड आधीच भिंतीकडं होतं, आणि खोलीत त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

घरी येईल त्याला सासूबाई माझ्या हुशारीचं कौतुक सांगतात. मी खाली मान घालून चहा ठेवायला आत जाते. वाघाचं तोंड भिंतीकडं कुणी केलं, मला खरंच माहीत नाही. सईकडं कुणी केलं होतं, एवढंच माहीत आहे.