भावोजींनी रोम केलं

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चौतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखत होते. चौकटीच्या कागदावर निळी रेघ म्हणजे जाणारी बस, तांबडी म्हणजे येणारी, आणि दोहोंच्या मध्ये पांढरा कागद जास्त दिसला की हे तिथे आणखी एक रेघ ओढायचे. उभी बस म्हणजे पाप! निवृत्त झाले, बस सुटल्या, खोड सुटली नाही. भाजी आणायला निघाले तरी वाटेत पोस्ट, गिरणी आणि न्हावी उरकून यायचे, आणि भाजी विसरायचे.

ताई शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर भूमध्य समुद्र काढायची, मधोमध खडूचा एक ठिपका द्यायची आणि मुलांना विचारायची, हे बेट कुठलं? ते माल्टा. त्याचं बंदर वॅलेटा. इतकी वर्षं ठिपका देऊन देऊन तो तिच्या मनात घर करून बसला होता. त्यात तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी ऑपरेशन करू, पुढचं कसं होईल ते आज सांगता येत नाही, तोवर काय चालायचं ते चालून घ्या.

भावोजींनी स्वस्तातल्या क्रूझची दोन पत्रकं आणली तेव्हा ताईने जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "यातली ही घेऊ या का? वॅलेटाला पूर्ण दिवस थांबते. जहाज गावाच्या तटाखालीच लागतं. उतरलं की गाव. मला माझ्या पायांनी जाता येईल."

"किती बंदरं?"

"चार."

"आणि त्याच पैशात हिच्यात सहा! शिवाय नावं बघ. रोम, फ्लॉरेन्स, पिसा! वॅलेटा कुणी ऐकलंय का? परत आल्यावर लोकांना काय सांगणार, ठिपका बघून आलो?"

आणि मग सुरू झाली सल्लामसलत. न्हाव्याला विचारलं. गिरणीवाल्याला विचारलं. शेजारच्या विमा एजंटाला तर घरी बोलावून चहा पाजला, आणि तो चहा केला कुणी, तर ताईने! अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई स्वयंपाकघरात कप विसळतेय आणि बाहेर विमा एजंट युरोप समजावून सांगतोय. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मी ताईला म्हटलं, "अगं, बोल की." ती म्हणाली, "एकदा बोलले ना." तिचं असंच. एकदा बोलायची, दुसऱ्यांदा कप विसळायची.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. बिनखिडकीच्या केबिनमध्ये तिसरं माणूस घेतलं की तिघांनाही स्वस्त पडत होतं, म्हणून माझी वर्णी लागली होती. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिथल्या पोरींना रोमचे फोटो दाखवायचे होते मला. भावोजींनी विचारलं तेव्हा मी चटकन म्हणाले, "रोमच घ्या." आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

पत्रकावर "रोम" एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात बंदराचं नाव, चिविताव्हेक्या. भावोजींनी ते भिंगातून वाचलं आणि म्हणाले, "हे रोममधल्या धक्क्याचं नाव असणार." पैसे भरून आले. फ्लॉरेन्स आणि पिसा एकाच बंदराच्या नावावर आहेत, हेही त्यांनी भिंगातून पाहिलं, पण मोजताना दोन मोजली.

गेलो एकदाचे. सकाळी आठला जहाज लागलं. उतरलो तर समोर कंटेनर, तारेचं कुंपण आणि बसची रांग. भावोजी छाती काढून एका गणवेशवाल्याकडे गेले. "रोम?" त्याने लांब कुठेतरी हात केला आणि बोटांनी सात, मग शून्य दाखवलं. सत्तर किलोमीटर! जहाजाची सहल त्यांनी "लूट आहे लूट" म्हणून आधीच नाकारली होती. आगगाडी होती. पण आगगाडीपर्यंत चालणं, तिकडून परत येणं, ताईचे गुडघे आणि पाचला सुटणारं जहाज, ही बेरीज करता करता वेळापत्रकवाल्याला घाम फुटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बस चुकवल्या, स्वतःचं जहाज चुकवायची छाती झाली नाही.

"हे तुला माहीत होतं?" ते ताईवर खेकसले.

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ताई एका लोखंडी खुंटावर टेकली. "तुमच्या वेळापत्रकात गावाचं नाव असायचं, आणि बस सोडायची तीन मैलांवर फाट्यावर. बायका पोरं कडेवर घेऊन चालत जायच्या. कुणी तक्रार केली की तुम्ही म्हणायचात, नाव तर बरोबर लिहिलंय ना? इथेही नाव बरोबरच लिहिलंय."

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. पाच वाजेपर्यंत आम्ही तिघांनी त्या कुंपणापाशी बसून पाव खाल्ला. उरलेली बंदरंही अशीच, धक्का आणि बसची रांग.

परत आल्यावर भावोजींचं चालूच. "रोम केलं, फ्लॉरेन्स केलं!" न्हावी ऐकतो, गिरणीवाला ऐकतो. उथळ पाण्याला खळखळाट फार.

ताईचं ऑपरेशन झालं. एक गुडघा बरा आला, दुसरा नाही. आता ती वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते आणि खिडकीशी बसून दम खाते.

परवा भावोजींनी नवीन पत्रकं आणली. यंदा न्हाव्याकडे नेली नाहीत. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले, पत्रकं ताईच्या मांडीवर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "या खेपेला तू निवड. तुझं ते वॅलेटा आहे बघ यात. पूर्ण दिवस."

ताईने पत्रकं एकेक करून पाहिली. मग नीट जुळवून त्यांच्या हातात परत दिली.

"आता कुठलंही घ्या," ती म्हणाली. "मी जहाजावरूनच बघणार आहे."